मुक्या सिनेमाचं बक्षीस

आमच्या काचेच्या कपाटात एक कप आहे. पितळेचा, त्यावर चांदीचा मुलामा होता, तो आता कानांपाशी उडालाय. येणारा पाहुणा हमखास विचारतो, "कसला हो? कबड्डीचा का?" मी म्हणते, "गप्प बसल्याचा." पाहुण्याला वाटतं, बाई चेष्टा करतेय. चेष्टा नाही. तो कप आम्हाला खरोखर गप्प बसल्याबद्दल मिळाला, आणि त्यापायी मी नवऱ्याशी अकरा दिवस अबोला धरला होता.

तेव्हा राहात्याला आमचा फोटो स्टुडिओ होता. पुढे दुकान, मागे घर. एकदा नगरच्या छावणीतला कुणी लष्करी साहेब बदली होऊन चालला होता. त्याने विकायला काढलेल्या सामानातून ह्यांनी चावीचा एक सिनेमा कॅमेरा आणि भिंतीवर चित्र पाडायचं मशीन उचलून आणलं. लग्नं टिपायला आणलंय, असं मला सांगितलं. लग्न एकही टिपलं नाही. एक रीळ तीन-चार मिनिटांत संपायचं, ते धुवायला मुंबईला पाठवायचं, आणि ते परत येईपर्यंत हे पोस्टमनची वाट नव्या सासुरवाशिणीसारखी बघायचे.

माणूस चंद्रावर जाऊन आला त्याला फार दिवस झाले नव्हते. पारावर, गिरणीत, न्हाव्याच्या खुर्चीत, जिकडे तिकडे चंद्र. ह्यांच्या डोक्यात आलं, माणूस तिकडे जातो तर तिकडचा कुणी इकडे का येऊ नये? आणि यायचाच तर राहात्याला यावा, कारण आमचे पेरू. झालं, सिनेमा ठरला. चंद्रावरचा माणूस व्हायला शेजारच्या दुकानातले टेलरमास्तर तयार झाले. माणूस ताडमाड उंच आणि स्वभावाने गरीब. चहाच्या खोक्यांत आतून चंदेरी कागद असतो, तो जुन्या चादरीवर चिकटवून त्यांनी स्वतःच अंगभर झगा शिवला. डोक्यावर घालायला माझं भाताचं जर्मनचं पातेलं नेलं. डोळ्यांसाठी त्याला दोन भोकं पाडली, तेव्हा आमच्या घरात पहिलं भांडण झालं.

गोष्ट एवढीच, की चंद्रावरचा माणूस पेरूच्या बागेत उतरतो, एक पेरू खातो आणि परत जायला तयार होत नाही. माळी त्याला हाकलतो, बैल त्याला हुंगतो, पाटाचं पाणी सोडणारा पाटकरी त्याला दारं धरायला लावतो. शेवटी बिचारा उपरण्यात पेरू बांधून घेतो आणि वर जातो. वर जातो म्हणजे टेलरमास्तर विहिरीच्या थारोळ्यावर, मोटेचं पाणी पडतं त्या दगडी बांधकामावर, चढून हात उंचावतात. तेवढ्यात रीळ संपलं होतं, त्यामुळे पुढचं दिसत नाही.

पहिला खेळ बाजार आवारातल्या एका गोदामात लागला. आठवडे बाजाराच्या दुपारी, खिडक्यांना गोणपाटं लावून अंधार केलेला. सिनेमा मुका, म्हणून हे मशीनपाशी उभे राहून समजावून सांगायला लागले. आमच्या ह्यांचं बोलणं म्हणजे शेजारी बसलेल्याला ऐकू येईल तर शपथ. लोक ओरडायला लागले, "आवाज! आवाज!" मी बायकांत बसले होते. माझा स्वभाव पहिल्यापासून तापट. नवऱ्याची फजिती बघवेना, आणि त्याचा रागही येत होता. उठले, पडद्याच्या मागे गेले आणि तिथून बोलायला लागले. माळ्याचं बोलले, पाटकऱ्याचं बोलले, बैलाचंसुद्धा बोलले. चंद्रावरच्या माणसाला मी अगदी आमच्या राहात्याची बोली दिली. पडद्याच्या मागून मला सगळं चित्र उलटं दिसत होतं, डावा बैल उजवीकडे. पण गोदाम हसत होतं, आणि माझ्या अंगावर मूठभर मांस चढत होतं.

शिकल्यासवरल्या मंडळींनी नाकं मुरडली. नगरला एका हॉलमध्ये खेळ लावला, तर निम्मे लोक उठून गेले. मुंबईच्या हौशी सिनेमावाल्यांच्या एका स्पर्धेला ह्यांनी तो पाठवला, तर छापील चिठ्ठीसकट परत आला. राहात्याच्या बाजारकरूंना मात्र त्या सिनेमाचं वेड लागलं. महिन्यातून एकदा तरी खेळ लावा, नाहीतर स्टुडिओच्या पायरीवर येऊन बसायचे. कोल्हारपासून माणसं यायची. दहा-दहा वेळा बघितलेले होते, माझ्या आधी वाक्यं म्हणायचे आणि मी एखादा शब्द बदलला तर भांडायचे. बाजारात पेरूवाल्या बायका ओरडायच्या, "घ्या, चंद्रावर मिळणार न्हाई असला पेरू!" हे ऐकलं की हे मान खाली घालून हसायचे. त्या हसण्यासाठी मी अजून दहा पातेली दिली असती.

लोक विचारायला लागले, "वहिनी, फुडं काय झालं? पोचला का त्यो?" म्हणजे दुसरा भाग हवा. ह्यांचं काही जमेना. तेवढ्यात बहात्तरचा दुष्काळ पडला. पेरूची झाडं उभ्या उभ्या वाळली. एक दिवस हे म्हणाले, "त्याचं गाव दाखवू या. चंद्र. तिथं पाणी नसतं म्हणतात."

मी म्हटलं, "मग लांब कशाला जायचं? अंगणात उभं राहून काढा."

पण ह्यांना जिल्ह्याच्या पूर्वेचा भाग हवा होता. तिकडे पाझर तलावाची दुष्काळी कामं निघाली होती, उघडे माळ, फोडलेल्या दगडांचे ढीग. घोडेगावपर्यंत आम्ही एसटीने गेलो. जनावरांचा बाजार त्या दिवशी रस्त्यावर आला होता, विकायला आणलेली जनावरं इतकी, की गाडीला वाट मिळेना. माझं माहेर घोडेगावच्या अलीकडेच. आई त्याच साली पाडव्यानंतर गेली होती. फाट्यावर गाडी थांबली तेव्हा मी मुद्दाम दुसऱ्या खिडकीतून बाहेर बघत बसले. पुढे खडीच्या ट्रकमधून गेलो.

कामावर शेकडो माणसं होती. बाया खडी फोडत होत्या, पाट्या वाहत होत्या. मुकादमाची परवानगी काढली. टेलरमास्तरांनी झाडाआड जाऊन झगा चढवला, पातेलं घातलं आणि त्या भाजत्या उन्हात चंदेरी होऊन दगडांमधून चालायला लागले. मला वाटलं होतं, लोक हसतील. कुणी हसलं नाही. बाया हातोडे थांबवून बघत राहिल्या. एकजण दुसरीला म्हणाली, "बहुरूपी आलाय."

त्यांना तो बहुरूपीच वाटला. सोंग घेऊन दारोदार येतो तोच. आणि बहुरूप्याला आपल्याकडे रिकामं पाठवत नाहीत. पसाभर धान्य देतात, भाकरी देतात. इथे कुणाकडे काय होतं? एक पन्नाशीची बाई उठली. बाभळीखाली तिचा पाण्याचा डेरा होता, त्याला ओलं फडकं गुंडाळलेलं. टँकर दिवसातून एकदा यायचा आणि त्या डेऱ्यात तळाशी होतं तेवढंच पाणी होतं. तिने पेलाभर काढलं आणि टेलरमास्तरांच्या पुढे धरलं. म्हणाली, "पी बाबा. लई लांबून आलाय तू."

टेलरमास्तरांनी पातेलं नाकापर्यंत वर सरकवलं आणि पाणी प्यायले. ते पीत असताना ती आणखी काहीतरी बोलली. मी पलीकडे रिळांची पिशवी आणि छत्री घेऊन उभी होते. नेमकी तेव्हाच मागे ट्रकमधून खडी खाली झाली आणि मला ते ऐकू आलं नाही. मग ती आपल्या जागेवर जाऊन बसली आणि हातोडा उचलला. ह्यांचा कॅमेरा हे सगळं टिपत होता. ठरवलेलं यातलं काहीच नव्हतं.

परतीच्या वाटेवर मी टेलरमास्तरांना विचारलं, "ती मागून काय म्हणाली?"

"वहिनी, कान पातेल्यात हुते वो. नुसतं घुमत हुतं," ते म्हणाले. मग घोडेगावला ट्रकमधून उतरताना म्हणाले, "आपुन तिचं पानी प्यायलो. बरं न्हाई केलं." त्यांचे डोळे भरून आले होते.

ह्यांना मी विचारलं नाही. कॅमेरा डोळ्याला लावला की घर पेटलं तरी ह्यांना कळत नाही, हे मला पक्कं माहीत होतं.

लोकांनी दुसऱ्या भागाला नाव दिलं 'पेरूचा पिक्चर, भाग दोन'. त्यात पेरू एकही नव्हता. मी पडद्यामागून बोलायची. सुरुवातीला चंद्रावरची माणसं, म्हणजे ती खडी फोडणारी, त्याला विचारतात, "कुठं गेल्तास रं इतके दिस?" आणि तो सांगतो, "राहात्याला गेल्तो. पेरू खायाला." इथे लोक गोदाम डोक्यावर घ्यायचे. मग हळूहळू हसणं कमी होत जायचं. ती बाई उठायची, पेला पुढे करायची आणि मी तिचं वाक्य तिच्याच शब्दांत म्हणायची. त्यानंतर तिचे ओठ परत हलायचे. तिथे मी थांबायची. दुसऱ्या सगळ्यांच्या तोंडी मी मनाचं घातलं, बैलाच्याही घातलं, पण तिच्या तोंडी घालायला जीभ रेटली नाही. लोकांनाही ते सवयीचं झालं. तिथे गोदामात कुणी खोकायचंही नाही.

मग ह्यांनी परत मुंबईच्या स्पर्धेचा विषय काढला. मी म्हटलं, "माझ्या आवाजाशिवाय पाठवू नका. पहिला तसाच पाठवला, परत आला." शेतकी खात्याच्या एका साहेबाकडून मोठ्या चकत्यांचा टेपरेकॉर्डर मागून आणला. घरात बसून रेकॉर्ड करायला गेले, तर माझ्या तोंडून शब्द फुटेना. समोर माणसं नाहीत तर कुणाशी बोलू? शेवटी गोदामात, भर खेळात टेप लावली. ती ऐकली तर लोक माझ्या दोन पावलं पुढे. सगळी वाक्यं तेच म्हणतायत, लेकरं रडतायत आणि मी कुठेतरी तळाशी.

"असू दे," मी म्हटलं. "तशीच पाठवा. निदान त्या बाईचं वाक्य तरी कळेल त्यांना." ह्यांनी मान हलवली. माणसाने मान हलवली की मी बाई भाबडेपणाने त्याला होकार समजते.

दोन-अडीच महिन्यांनी पत्र आलं. दुसरं बक्षीस! ह्यांनी दुकानाच्या दारात उभं राहून मोठ्याने वाचलं, म्हणजे ह्यांच्या मानाने मोठ्याने. टेलरमास्तर कात्री हातात घेऊन धावत आले. मी साखर वाटली. आणि पत्र देवापुढे ठेवायला आत नेलं. ठेवता ठेवता वाचलं, तर मधला एक परिच्छेद ह्यांनी गाळला होता. परीक्षकांनी लिहिलं होतं, की हल्लीच्या गोंगाटात या कलावंताने आवाज पूर्णपणे नाकारण्याचं धाडस केलं आहे, आणि पाणी देणाऱ्या स्त्रीचं मौन तर विसरता येणार नाही.

मी बाहेर आले. "टेप?"

ह्यांनी कपाटाकडे बघितलं. टेप तिथेच होती, फोटोच्या जुन्या डब्यांमागे. म्हणाले, "फॉर्मात रकाना होता. ध्वनी आहे की नाही. अगं, सगळा कल्ला होता त्यात... मी 'नाही' लिहिलं."

"'नाही' लिहिलंत." मी म्हटलं. माझ्या आवाजाचं जाऊ द्या, मी काय, बैलाचंही बोलणारी. खोटं कशाला सांगू, तेही लागलंच. पण ती बाई मुकी नव्हती. तळातलं पाणी देताना ती बोलली होती, आणि ते मी ऐकलं होतं. मुंबईच्या शहाण्या लोकांनी तिला मुकी ठरवून बक्षीस दिलं आणि माझ्या नवऱ्याने सहीनिशी तसं लिहून दिलं होतं. मी म्हटलं, "बरं. शांतता आवडते ना? घ्या शांतता." आणि त्या दिवसापासून तोंड मिटलं.

अकरा दिवस. स्वयंपाक होत होता, वाढलं जात होतं, पण शब्द नाही. हे बिचारे मिठाची बरणी स्वतः शोधायचे. टेलरमास्तर मध्ये पडायला आले. म्हणाले, "वहिनी, दादा जेवत न्हाईत नीट." मी त्यांच्याशीसुद्धा बोलले नाही.

बाराव्या दिवशी सत्कार. त्याच गोदामात, बाजाराच्याच दुपारी, तीच गोणपाटं. कप द्यायला परीक्षकांपैकी एक साहेब मुंबईहून आले होते. ह्यांना शाल-श्रीफळ. टेलरमास्तरांना फेटा, तो त्यांच्या डोक्यावर पातेल्यापेक्षा बरा दिसला. आणि मला? कलावंताची सौभाग्यवती म्हणून बोलावलं, कुंकू लावलं, खणा-नारळाने ओटी भरली आणि पहिल्या रांगेतल्या खुर्चीवर नेऊन बसवलं. तो खण मांडीवर घेऊन मी अशी बसले होते, की शेजारची बाई दोनदा विचारून गेली, "बरं वाटत नाही का?"

साहेब शांततेवर चांगले पाऊण तास बोलले. लोक एकमेकांकडे बघत होते. शेवटी ते म्हणाले, "आता हा चित्रपट आम्ही पाहिला तसाच पाहू. पूर्ण शांततेत." पडद्याच्या मागे कुणी नव्हतं. मी आयुष्यात पहिल्यांदा आमचा सिनेमा सबंध सुलट बघणार होते.

दिवा गेला, मशीन घरघरायला लागलं. पडद्यावर माळ आला, दगड आले, टेलरमास्तर चालत आले. गोदाम गप्प. मी ओठ घट्ट दाबून धरले होते. तेवढ्यात खाली पोत्यावर बसलेला एक म्हातारा न राहवून म्हणाला, "कुठं गेल्तास रं इतके दिस?"

आणि सगळं गोदाम एका दमात बोललं, "राहात्याला गेल्तो! पेरू खायाला!"

मग कोण थांबतंय! साहेब "शू, शू" करत होते, त्यांना कुणी विचारत नव्हतं. माझी सगळी वाक्यं, मी जिथे जिथे श्वास घ्यायची तिथे श्वास घेऊन, माझे हेल, माझ्या चुका, सगळं सगळं लोक बोलत होते. बायका माझा आवाज काढत होत्या. मला हसू फुटलं. या लोकांवर माझा किती जीव आहे, हे मला तोवर ठाऊक नव्हतं.

ती बाई उठली. तिने पेला पुढे धरला. गोदाम हळू आवाजात म्हणालं, "पी बाबा. लई लांबून आलाय तू." पोरंबाळं, पेरूवाल्या, हमाल, सगळे. पुढे बसलेले साहेब वळून मागे बघायला लागले.

मग तिचे ओठ परत हलले. तिथे मी थांबायची, म्हणून सगळे थांबले. मशीनची घरघर तेवढी राहिली. आणि मशीनपाशी अंधारातून ह्यांचा आवाज आला. कधी नव्हे तो स्वच्छ, शेवटच्या रांगेपर्यंत जाईल असा.

"माय वाट बघत आसंल तुजी."

तिचे ओठ आणि ह्यांचे शब्द तंतोतंत जुळले. मी मागे वळून बघितलं नाही. मला माझ्या माहेरचा फाटा दिसला आणि मी तो खण तोंडाला लावला.

घरी येताना कप टेलरमास्तरांच्या हातात होता, ते पुढे चालत होते. अकरा दिवसांनी मीच आधी बोलले. "अहो, तुम्ही ऐकलं होतंत?"

"तिच्यापासून दोन हातांवर तर उभा होतो."

"मग वर्षभर सांगितलं का नाही?"

हे चालता चालता थांबले. "मला वाटलं, तूही ऐकलंयस. आणि तुझ्यानं ते बोलवत नाही, म्हणून सोडतेस. आई तेव्हाच गेलेल्या." मग म्हणाले, "आज तू बोलणार नव्हतीस. कुणीतरी बोलायला हवं होतं."

त्यानंतर दोन्ही भाग आम्ही कितीतरी वेळा दाखवले. मी पडद्यामागे माळ्याचं, बैलाचं, चंद्रावरच्या झाडून सगळ्या माणसांचं बोलायची. ते एक वाक्य आलं की थांबायची, आणि हे मशीनपाशी उभे राहून बोलायचे.